काठी तुझी, पट्टा माझा

सुहास,

आपला वाद संपला नव्हता. तू मात्र तो संपल्यासारखी निघून गेलीस, आणि हे मला मान्य नाही.

गेल्या रविवारी मराठी मंडळाच्या हॉलमध्ये तुझ्यासाठी सभा झाली. तुझी सरकारी नोकरी, तुझी भाषांतरं, नगरहून दिल्लीला आलेली, चर्चच्या पाळकसाहेबांची मुलगी, सगळं सांगून झालं. एकजण म्हणाले, सुहासिनीताईंनी अंधत्वावर मात केली. मी नकळत शेजारच्या खुर्चीकडे वळलो. तिथे आपली इरा बसली होती. तू असतीस तर माझ्या कानाशी पुटपुटली असतीस, "मात कसली? ते आहे तिथेच आहे, मीही आहे तिथेच आहे. आम्ही एका घरात राहतो, बस."

मला बोलायचा आग्रह झाला. मी हात जोडले आणि बसून राहिलो. तुझ्याबद्दल लोकांशी काय बोलायचं? मला तुझ्याशी बोलायचंय.

आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये होतो तेव्हा संध्याकाळी भाजी आणायला निघालो की तू माझी बाही धरायचीस. मला वाटायचं, प्रेम आहे. प्रेम होतंच, पण त्याच्या जोडीला तुला तिन्हीसांजेला पायरी दिसेनाशी झाली होती, आणि तू ते बरेच दिवस स्वतःजवळ ठेवलं होतंस. मग एकदा डॉक्टरांनी कागदावर वर्तुळ काढलं आणि नजर कडेकडून आत कशी आकसत जाईल ते मला दाखवलं. तुला नाही, मला. तू समोरच बसली होतीस. परत येताना स्कूटरवर मोतीबागच्या सिग्नलला थांबलो तेव्हा मागून म्हणालीस, "विनायक, पुढच्या आठवड्यापासून मी डोळे मिटून पोळ्या करून बघते. सवय झालेली बरी."

मी हिरव्या दिव्यावरही गाडी हलवली नाही. मागचे हॉर्न वाजवत होते.

इरा तेव्हा शाळेत होती. बाहेर हिंदी, शाळेत इंग्रजी, घरी आपली मराठी, त्यामुळे तिचे कितीतरी शब्द गळून गेले होते. एकदा मी तिला म्हणालो, "आई अंधारात चाचपडतेय, दिवा लाव." तिनं विचारलं, "बाबा, चाचपडणं मतलब?" मी शब्द शोधत बसलो आणि तू आतल्या खोलीतून उत्तर दिलंस, "मतलब, हातानं बघणं." जन्मभर ऑफिसच्या फायली मराठीतून हिंदीत आणल्यास, पण तुझं सगळ्यात चांगलं भाषांतर मी ते धरतो.

मी हादरे मोजणारा माणूस. आमच्या प्रयोगशाळेत पंप यायचे, मोटारी यायच्या, त्यांच्या अंगावर सेन्सर चिकटवायचा आणि मशीन किती थरथरतं, कुठल्या दिशेला थरथरतं ते बघायचं. सुरुवातीला तो सेन्सर लिंबाएवढा होता. मग तो इतका बारीक झाला की प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये जाऊन बसला. हे सगळं मी तुला जेवताना सांगायचो आणि तू "अच्छा" म्हणायचीस. त्या "अच्छा"चा अर्थ "वरण वाढ" असा असायचा.

पांढरी काठी तू माझ्या मदतीशिवाय शिकलीस. शिकवणाऱ्या बाईंनी मला पहिल्याच दिवशी गेटबाहेर बसवलं. पाऊल उजवं तर काठीचं टोक डावीकडे, पाऊल डावं तर टोक उजवीकडे. द्वारकेच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तोवर तू मेट्रोनं एकटी ऑफिसला जायला लागली होतीस. स्टेशनात पायाखाली पिवळ्या फरशा असायच्या, तिथे तुझी काळजी नव्हती. खरा प्रश्न बाहेर पडल्यावर, कस्तुरबा गांधी मार्गाच्या फुटपाथवर. काठी जमिनीवरचं सगळं सांगते, कमरेच्या वरचं काही सांगत नाही. एका सकाळी कडुलिंबाची खाली आलेली फांदी तुझ्या कपाळावर लागली. तू रुमाल दाबून ऑफिसला गेलीस, दिवसभर काम केलंस आणि संध्याकाळी मला म्हणालीस, "झाडावर रागावू नकोस. त्याला कुणी शिकवलेलं नाही."

त्याच आठवड्यात मी तुझ्या काठीच्या मुठीला डबी बसवायला घेतली.

गाडी मागे घेताना पीं-पीं करतो तसला सेन्सर मी तिच्यात घातला. आवाजाची लहर पुढे सोडायची, ती कशावर आपटून परत आली की मूठ थरथरायची. आवाज नको, हे तूच बजावलं होतंस. "माझे कान अडवू नकोस. कानांवर माझं पोट आहे." मी आपल्या जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंगचे डाग देत बसलो. टेबलाला पडलेलं भोक तुला बोटानं सापडलं तेव्हा दोन दिवस बोलली नाहीस.

पहिली काठी सारखी थरथरायची. साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. काठी चालताना डोलते. टोक डावीकडे गेलं की शेजारची भिंत लागते, उजवीकडे आलं की उभी स्कूटर, जरा वर झालं की आभाळ. डबीला वाटायचं, जगच हलतंय. तू कॉलनीच्या गेटपर्यंत जाऊन परत आलीस आणि काठी माझ्या हातात ठेवलीस.

"ही घाबरट आहे. दिल्लीत घाबरटाला रस्ता ओलांडता येत नाही."

तेव्हा माझा जुना धंदा कामाला आला. हादरे मोजणारा तो बारीक सेन्सर मी मुठीत बसवला. त्याच्या जोडीला वळण ओळखणारा दुसरा. आता काठी कुठल्या क्षणी कुठे वळलीय हे डबीला कळायला लागलं, आणि तू जिकडे चाललीस त्या वाटेत काही असेल तरच ती थरथरायला लागली. हे चार ओळींत लिहिलं, पण त्याला आपला अख्खा उन्हाळा गेला. तू कॉलनीत फेऱ्या मारायचीस, मी मागून लॅपटॉप हातात धरून चालायचो, आणि शेजारच्या प्रीतम आंटी गच्चीवरून विचारायच्या, "भाईसाहब, भाभी की जाँच चल रही है या आपकी?"

मग तो दिवस. मी बाराखंबा स्टेशनाच्या बाहेर थांबायचं, तू एकटीनं ऑफिसला पोचायचं आणि फोन करायचा, असं ठरलं होतं. आपण जिना चढून वर आलो आणि तू पुढे निघालीस. तुझी निळी साडी गर्दीत दिसेनाशी झाली. मी फोन हातात धरून एका जागी उभा होतो. फोन वाजला.

"पोचले. आणि ऐक, तुझ्या डबीनं एकदाच तोंड उघडलं. फळवाल्याच्या छत्रीपाशी. मी वाकले आणि खालून गेले. तो म्हणाला, मैडम, आपको दिख गया? मी म्हणाले, बिल्कुल."

तू हसत होतीस. तुझ्या टेबलाभोवतीचे सगळे हसत होते. मी फुटपाथवर उभा राहून रडलो, हे तुला माहीत नाही. आणखी एक तुला माहीत नाही. ती काठी तुझ्या हातात देण्याआधी प्रत्येक वेळी मी डोळ्यांना पट्टी बांधून स्वतः चालून बघायचो. आमच्या ऑफिसच्या मागच्या व्हरांड्यात, जिथे कुणी नसायचं तिथे. सुहास, मला दुसऱ्या खांबापुढे कधी जाता आलं नाही. डबी नीट चालत असायची, काही चुकलेलं नसायचं, तरी मी पट्टी ओढून काढायचो. तू रोज सकाळी डबा भरून, पिना लावून, त्या अंधारात निघायचीस. मला हे सांगायचं होतं की मला तुझा किती आदर वाटायचा. नवरा-बायकोत हा शब्द येत नाही, म्हणून राहून गेलं.

आता पट्ट्याचं. वाद तिथला आहे.

तू एका पावसाळ्यात उघड्या नालीच्या कडेवरून घसरलीस, गुडघा फुटला, आणि मोबाईल पिशवीत खाली गेलेला असल्यानं बराच वेळ तशीच बसून राहिलीस. त्यानंतर मी मनगटाचा पट्टा केला. त्यात तोच हादऱ्यांचा सेन्सर. तू पडलीस, किंवा बराच वेळ हललीच नाहीस, की माझ्या फोनवर निरोप यायचा. तू कुरकुर केलीस, पण घातलास.

नाताळच्या आधी मी एका मीटिंगमध्ये बसलो होतो. फोन थरथरला. सुहासिनी पडली. मग पुन्हा, सुहासिनी पडली. मग पुन्हा. मी प्रीतम आंटींना फोन केला आणि मिळेल त्या रिक्षानं निघालो. घरी पोचलो तर दार सताड उघडं, आंटी धापा टाकत सोफ्यावर, आणि तू जमिनीवर बसून करंज्यांचं पीठ कुटत होतीस. बत्ता पडला की पट्ट्याला वाटायचं, तू पडलीस.

आंटी म्हणाल्या, "भाभी, मैं तो घुटने लेकर सीढ़ियाँ चढ़ी हूँ।" तू त्यांना पाणी दिलंस, सारण दिलंस, हसलीस. त्या गेल्यावर पट्टा काढून माझ्यापुढे ठेवलास.

"विनायक, काठी माझ्याशी बोलते. हा पट्टा माझ्याबद्दल बोलतो. तोही तुझ्याशी."

"तुला काही झालं तर?"

"तर होईल. तुला काही झालं तर? तुला ब्लडप्रेशर आहे, मला नाही. तू घाल ना. निरोप माझ्या फोनवर येऊ दे."

मला वाटलं, हे सोपं आहे. दुसरा पट्टा करून मी घातला. तुझा फोन निरोप वाचून दाखवायचा, त्यामुळे तुझ्या ऑफिसला माझी दिनचर्या पाठ झाली. जेवणानंतर मी खुर्चीत जरा मान टाकली की तुझा फोन यायचा. "बराच वेळ हलला नाहीस म्हणे. झोपलास का फायलीवर?" एकदा मी मेट्रोसाठी धावलो तर, "कुणाच्या मागे लागलायस?" एके दिवशी मी घरी आल्याबरोबर पट्टा काढून ड्रॉवरमध्ये टाकला. तू सोफ्यावर होतीस. ड्रॉवरचा आवाज ऐकलास आणि मान डोलावलीस.

पण सुहास, मी तेव्हाही म्हणत होतो आणि अजून म्हणतो, दोन्ही गोष्टी सारख्या नव्हत्या. मी पट्टा काढला तो कंटाळून; तू काढलास तेव्हा माझी काळजीच मला परत केलीस. तू म्हणायचीस, काळजी तुझी आहे, तुझ्याजवळ ठेव, माझ्या हाताला बांधू नकोस. मी म्हणायचो, मग ती ठेवू कुठे? आपण दर दोन-तीन महिन्यांनी तिथे यायचो आणि कुकरची शिट्टी, इराचा फोन, काहीतरी मध्ये यायचं.

गेल्या जानेवारीत मंडळाच्या बसनं आपण पानिपतला गेलो. काला अंबच्या युद्धस्मारकापाशी बस थांबली तेव्हा हातभर पुढचं दिसत नव्हतं इतकं धुकं. सगळ्यांनी तुझी चेष्टा सुरू केली की आता ताई पुढे, आम्ही मागे. तू हसून घेतलंस, पण मला हळूच म्हणालीस, "यांना वाटतं धुक्यात माझी चंगळ आहे. ओल्या हवेत मला आवाजाचाही धड अंदाज येत नाही." तरी तुला एकटीला चालायचं होतं. स्तंभाच्या कठड्याला हात लावून झाला, आणि तू मोकळ्या मैदानात निघालीस. काठी डोलत होती, मूठ शांत होती. तिथे थरथरण्यासारखं काही नव्हतंच. ना भिंत, ना झाड, ना स्कूटर. जराशानं तुझी हाक आली, "विनायक, बोलत राहा रे. इथे काहीच नाहीये."

मी काय बोललो ते आठवतं तुला? मला काही सुचेना, म्हणून मी आपल्या द्वारकेच्या फ्लॅटपासून मेट्रोची स्टेशनं म्हणायला लागलो. नवादा, उत्तम नगर, जनकपुरी. बाकीच्यांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. तू राजौरी गार्डनपाशी धुक्यातून बाहेर आलीस. केसांवर दव होतं. माझ्या कोटाला हात लावलास आणि म्हणालीस, "चलो. चहा कुठे मिळतो बघ."

एवढंच. पण त्या क्षणी तू किती सुंदर दिसत होतीस, हे मी बोललो नाही. तुला दिसेनासं झाल्यापासून मी ते बोलणं कमी केलं होतं. आता वाटतं, उलट करायला हवं होतं.

दिवाळीनंतरच्या धुरात तुझा खोकला बळावला. दरवर्षी बळावायचा, म्हणून आपण दरवर्षीसारखंच केलं, वाफ, काढा, खिडक्या बंद. मग श्वास पुरेना आणि हॉस्पिटल गाठावं लागलं. तुझ्या बोटाला चिमटा लावला होता, छातीला वायरी. मी स्टुलावर बसून पडद्यावरच्या आकड्यांकडे बघत होतो. हेच माझं आयुष्यभराचं काम.

"विनायक, तू परत माझ्याऐवजी मशीन बघतोयस ना?"

"नाही."

"हात दे."

मी दिला. तू चिमट्याचं बोट वर केलंस. "हा पट्टा मी घातलाय, नोंद घे. पण तू जिंकलास असं समजू नकोस."

"घरी गेल्यावर बोलू," मी म्हणालो.

"बोलू," तू म्हणालीस.

त्यानंतर तू बोलली नाहीस. म्हणून म्हणतो, वाद संपलेला नाही.

सभेनंतर नसीमचा फोन आला. तुझ्या ऑफिसात नव्यानं लागलेली, लहानपणापासून दृष्टी नसलेली, जिला तू बोलणारा कॉम्प्युटर आणि कँटीनचा रस्ता दोन्ही शिकवलेस, तीच. खूप अडखळत बोलत होती. "सर, बुरा मत मानिएगा। मैडम ने कहा था, मेरे बाद छड़ी तुम रखना।" मला तू हे सांगितलं नव्हतंस. इराला विचारलं, तिलाही नव्हतं. तरी मी म्हटलं, ये.

ती आज सकाळी आली. मी काठी तिच्या हातात दिली. ती दिवाणखान्यात चार पावलं चालली आणि थांबली. मूठ नको तिथे थरथरत होती. ते होणारच होतं. प्रत्येकाच्या काठीचा झोका वेगळा. मुठीतल्या चिपमध्ये तुझा झोका बसलेला होता, तुझ्या मनगटाची गती, तुझ्या वळण्याची लय. नसीमसाठी तो पुसून नवा भरायला लागणार होता.

मी काठी लॅपटॉपला जोडली आणि तसाच बसलो. पडद्यावर तुझ्या चालण्याची रेघ होती, वर-खाली, वर-खाली. तुझे फोटो मी सभेच्या दिवशी बघू शकलो होतो, पण या रेघेकडे बघवेना. फोटोत तू थांबलेली असतेस.

नसीमनं विचारलं, "सर, कुछ दिक्कत है क्या?"

काहीतरी बोलायचं म्हणून मी तिला सांगितलं, मॅडमच्या झोक्यात एक खोट होती. डावीकडे तो नेहमी जास्त जायचा, उजवीकडे कमी. किती वेळा सांगितलं तरी सुधारायची नाही, म्हणायची, माझा हात आहे, राहू दे. शेवटी मी प्रोग्रॅममध्येच ती खोट वजा करण्याची ओळ घातली.

नसीम म्हणाली, "मैडम के बाईं तरफ़ कोई चलता होगा, सर। मेरी भी जाती है, जिधर अम्मी चलती हैं। बीच-बीच में जूते को छूकर देख लेते हैं कि साथ हैं।"

तुझ्या डावीकडे मी चालायचो. तुला कोपर धरलेलं आवडायचं नाही, म्हणून नुसता शेजारून. काठीचं टोक अधूनमधून माझ्या बुटाला लागायचं आणि मी म्हणायचो, सुहास, झोका आवर. तू आवरायची नाहीस. मी नसतानाही तो तिकडे जरा जास्त जायचा, ऑफिसच्या रस्त्यावर, एकटी असताना. सगळं माझ्याजवळ नोंदलेलं होतं, आणि मी त्याला खोट म्हणत होतो.

मी नसीमला म्हटलं, "मी होतो." मराठीतच म्हटलं. तिला कळलं असावं.

मग मी तुझा झोका पुसला आणि तिचा भरला. ती ओळही काढून टाकली. नसीम लिफ्टपर्यंत जाऊन आली, पुन्हा गेली, आणि म्हणाली की काठी आता तिचं ऐकते. चहा पिऊन ती निघून गेली.

दुपारी मी औषधं परत करायला चौकापर्यंत गेलो होतो. परत येताना एका माणसानं जरा चिडून म्हटलं, "अंकल, नाली में गिर जाएँगे, इधर चलिए ना।" मी बघितलं. फुटपाथ पुरेसा रुंद होता, पण मी अगदी डाव्या कडेनं, नालीला चिकटून चाललो होतो, आणि माझ्या उजव्या हाताला एका माणसाची जागा मोकळी सोडलेली होती.

तो पुढे गेला. मी तसाच घरापर्यंत आलो.